साधं की प्रीमियम: एका गाडीच्या पाच महिन्यांच्या नोंदी

८ जून २०२५, रविवार. सातारा

पंपावर शून्य बघितलं, पण नोझल कुठलं उचललं ते बघितलं नाही. पावती हातात आली तेव्हा दर दिसला, १११च्या पुढे, म्हणजे प्रीमियम पेट्रोलचा. मी "साधं, टाकी फुल" असं स्पष्ट सांगितलं होतं. विचारलं तर उत्तर आलं, "साधं संपलंय ताई." शेजारच्या रांगेत रिक्षात साधंच पडत होतं. २९ लिटरमागे दोनशे रुपये जास्त गेले.

नाना शेजारी बसले होते. म्हणाले, "असू दे गं. चांगलंच गेलं पोटात. इंजिन साफ होईल, अ‍ॅव्हरेज पण वाढेल."

दोनशे रुपयांपेक्षा हे वाक्य जास्त टोचलं. नाना चाळीस वर्षं गाडी चालवतायत आणि दर पाचवी टाकी प्रीमियमची भरतात. ऑफिसातले निम्मे लोक तेच करतात. पण 'वाढेल' म्हणजे किती, हे आजवर कुणी मोजून सांगितलेलं नाही. म्हणून वही काढली. आजपासून प्रत्येक लिटरचा हिशोब.

गाडी: २०१७ची हॅचबॅक, १.२ लिटर, चार सिलिंडर, टर्बो नाही, कॉम्प्रेशन रेशो ११:१, एक लाख चार हजार किलोमीटर झालेली. दर आठवड्याला सातारा–पुणे–सातारा, उरलेलं गावात.

१४ जून, शनिवार

पद्धत ठरवली. डॅशबोर्डवरचा अ‍ॅव्हरेजचा आकडा धरायचा नाही. तो गाडीचा अंदाज असतो. टाकी फुल ते टाकी फुल. तोच पंप, तेच मशीन, पहिल्या कटला, म्हणजे नोझल पहिल्यांदा आपोआप बंद पडलं की, थांबायचं. वरून "राउंड फिगर करू का" म्हटलं तर नाही म्हणायचं. टायरमध्ये ३३, दर रविवारी सकाळी, गाडी थंड असताना. मीटरचे किलोमीटर मोबाइलच्या जीपीएसशी ताडून बघितले: शंभरामागे मीटर दीड किलोमीटर जास्त दाखवतो. खालचे सगळे आकडे ती दुरुस्ती करून.

पहिला कट कधी अर्धा लिटर आधी पडतो, कधी नंतर. एका टाकीत त्याने दोन टक्क्यांचा घोळ होऊ शकतो. त्यामुळे एका टाकीवरून काही बोलायचं नाही. तीन साध्याच्या, तीन प्रीमियमच्या, आणि दोन्हींच्या मध्ये एक टाकी हिशोबाबाहेर, कारण तळाशी आधीचं पेट्रोल उरलेलं असतं.

ओबीडी डोंगलही घेतला. स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये बसतो आणि इंजिनाच्या कॉम्प्युटरचे, म्हणजे ईसीयूचे, आकडे मोबाइलवर दाखवतो. मला दोनच हवेत: इग्निशन टायमिंग, म्हणजे ठिणगी कधी पडते, आणि फ्युएल ट्रिम, म्हणजे ईसीयू मूळ हिशोबापेक्षा किती कमी-जास्त पेट्रोल सोडतो.

२२ जून, रविवार

आज गाडी नाही, नानांच्या डायऱ्या. १९८९ पासूनच्या आहेत. प्रत्येक पानावर किलोमीटर, लिटर, रुपये, आणि अधूनमधून एखादा शब्द: 'खडखड', 'टायमिंग मागे', 'बरी'.

तेव्हा नानांकडे पद्मिनी होती. तिच्यात ईसीयू नव्हता, खडखड ओळखणारा नॉक सेन्सर नव्हता. ठिणगी कधी पडायची हे डिस्ट्रिब्युटर हाताने फिरवून ठरवायचं. पेट्रोल हलकं मिळालं की घाटात इंजिन खडखडायचं; मग पुढच्या गावी बॉनेट उघडून डिस्ट्रिब्युटर किंचित फिरवायचा आणि ताकद कमी करून घेऊन घरी यायचं. तेव्हाचं साधं पेट्रोल ८७ ऑक्टेनचं, महागातलं ९३चं. ऑक्टेन म्हणजे खडखडीपुढे टिकाव धरण्याची पेट्रोलची ताकद. शिवाय रॉकेलची भेसळ. रॉकेलचा ऑक्टेन इतका कमी की थोडं मिसळलं तरी पेट्रोलचा कस खाली येतो. शिसं घातलेलं पेट्रोल तर १ फेब्रुवारी २०००पर्यंत देशभर चालूच होतं. ते शिसं घालायचे तेही ऑक्टेन वाढवायलाच. १९२१ साली अमेरिकेत थॉमस मिजली यांनी टेट्राएथिल लेडचा हा गुण शोधला आणि त्याचं विष पुढे ऐंशी वर्षं आपण श्वासातून घेतलं.

१९९४च्या एका पानावर नानांनी लिहिलंय: '९३ भरले. खंबाटकी तिसऱ्यावर चढली. आवाज नाही.' खाली रेघ मारलेली. हे वाचून मी थोडा वेळ डायरी तशीच धरून बसले. नानांचा प्रीमियमवरचा विश्वास ऐकीव नाही. त्यांनी तो त्या गाडीत, त्या पेट्रोलवर, स्वतःच्या कानांनी तपासला होता. माझा प्रश्न एवढाच की ती परीक्षा या गाडीलाही लागू पडते का.

६ जुलै, रविवार. आषाढी

पंपावर गर्दी कमी, म्हणून आज तपासणी मागितली. घनता, फिल्टर पेपर आणि पाच लिटरचं माप या तिन्ही चाचण्या मागणं हा ग्राहकाचा हक्क आहे. तसा बोर्डही पंपावर असतो. पोरगा आधी टाळाटाळ करत होता, मॅनेजर आले आणि त्यांनी शांतपणे सगळं करून दाखवलं.

मापात तूट नाही. पाच लिटरमागे २५ मिलिलिटरपर्यंतचा फरक कायद्याला चालतो, इथे तेवढाही नव्हता. फिल्टर पेपरवर नोझलचा एक थेंब टाकला. दोन मिनिटांत उडून गेला, डाग राहिला नाही. घनतेसाठी काचेच्या उंच भांड्यात पेट्रोल घेतलं, हायड्रोमीटर सोडला, थर्मामीटर धरला. २९ अंशांना ७४२. तक्त्यात बघून १५ अंशांवर आणलं की ७५४. सकाळच्या नोंदवहीत ७५५ होतं. तीनपर्यंतचा फरक चालतो.

मग प्रीमियमचीही मागितली. ७५३!

रांगेतल्या एका काकांनी विचारलं, "मग जास्त डेन्सिटीचं ते भारी ना?" ही समजूत माझीही होती. घनता फक्त एवढंच सांगते की टँकरमधून जे उतरलं तेच नोझलमधून येतंय का. ऑक्टेनचा त्यात पत्ता लागत नाही. ऑक्टेन मोजायला एक सिलिंडरचं खास इंजिन लागतं, ज्याचं कॉम्प्रेशन चालू असताना कमी-जास्त करता येतं. मिनिटाला ६०० फेऱ्यांवर ते फिरवतात आणि दिलेलं पेट्रोल कधी खडखडतं ते बघतात. मग आयसो-ऑक्टेन आणि हेप्टेनच्या मिश्रणाशी तुलना. शुद्ध आयसो-ऑक्टेनला १००, हेप्टेनला ०. ९५ टक्के आयसो-ऑक्टेनच्या मिश्रणाइतका टिकाव धरला तर ते पेट्रोल ९५ ऑक्टेनचं. पंपावर हे होणं शक्य नाही.

आईला हे सांगताना दुधाचं उदाहरण सुचलं. जास्त ऑक्टेनचं पेट्रोल म्हणजे मोठ्या आचेवरही लवकर उतू न जाणारं दूध. सिलिंडरात हवा-पेट्रोल दाबलं की ते तापतं. ठिणगी पडली की जाळ एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरकायला हवा. पण पुढचं मिश्रण दाबाने आणि उष्णतेने आधीच स्वतःहून पेटलं की दणका बसतो. तीच खडखड. जेवढं कॉम्प्रेशन जास्त किंवा टर्बोचा दाब जास्त, तेवढी आच मोठी. मंद आचेवर मात्र दोन्ही दुधं सारखीच तापतात, आणि दोन्हींतून निघणारी सायही तेवढीच. आई म्हणाली, "मग बरण्या दोन कशाला?" बरोबर विचारलं. मोठी आच असलेली इंजिनंही रस्त्यावर आहेत, म्हणून.

२७ जुलै, रविवार

साध्याच्या तीन टाक्या झाल्या.

५१२ किमी, ३०.४ लिटर: १६.८४
४९८ किमी, २९.१ लिटर: १७.११
५३० किमी, ३१.९ लिटर: १६.६१

एकूण १५४० किमी, ९१.४ लिटर. सरासरी १६.८५.

तिसऱ्या टाकीत पुण्यात पावसाने दोन तास वारज्याला अडकले होते. एका टाकीचा भरवसा का धरू नये ते इथे दिसतं.

एक गोष्ट मात्र खटकली. २०१९ साली हीच गाडी, हाच रस्ता, माझ्याच जुन्या नोंदीत १७.८ आहे. पाच टक्क्यांहून जास्त घट. आणि लाँग टर्म फ्युएल ट्रिम सतत अधिक सहाच्या आसपास, म्हणजे ईसीयू त्याच्या मूळ हिशोबापेक्षा सहा टक्के जास्त पेट्रोल सोडतोय.

३ ऑगस्ट, रविवार. पसरणी घाट

वाईहून पाचगणी. सुमारे बारा किलोमीटरमध्ये पाचशे मीटरहून जास्त चढण. गाडीत चौघं, एसी चालू, टाकीत साधं. नाना पुढे बसले, मोबाइल त्यांच्या हातात, आकडे तेच वाचून दाखवत होते.

तिसऱ्या गिअरवर, दोन हजार आरपीएमला, टायमिंग बारा-तेरा अंश. आवाज नाही. मग नाना म्हणाले, "आता मी चालवतो तशी चालव." म्हणजे चौथा गिअर, चौदाशे आरपीएम, पाय जवळजवळ तळाला. तिथे ऐकू आलं: पत्र्याच्या डब्यात चार खडे टाकून हलवल्यासारखा आवाज, सेकंदभर. लगेच टायमिंग सातवरून तीनवर आलं, आवाज थांबला, आणि गाडी मेल्यासारखी झाली.

म्हणजे नॉक सेन्सर काम करतोय. इंजिन ब्लॉकवर बसवलेला हा एक स्फटिकाचा तुकडा. खडखडीच्या कंपनाने त्यात वीज तयार होते, ईसीयूला कळतं, तो ठिणगी उशिरा टाकतो. नानांनी पद्मिनीत पुढच्या गावी थांबून हाताने जे केलं, ते ही गाडी अर्ध्या सेकंदात करते. हे सांगितलं तेव्हा नानांनी मोबाइलवरचा तो तीनचा आकडा पुन्हा एकदा बघितला. त्यांना मनापासून आवडलं ते.

गिअर उतरवून तिसऱ्यावर घेतली. आवाज गेला, टायमिंग परत बारावर. फक्त गिअर बदलून.

वर पोचल्यावर पाचगणीच्या सपाटीवर चौथ्या गिअरचा तोच प्रयोग केला, तर खडखड जवळजवळ नव्हतीच. उंचीवर हवा विरळ, सिलिंडरात कमी हवा, कमी दाब, म्हणून ऑक्टेनची गरजही कमी.

१५ ऑगस्ट, शुक्रवार

घट का झाली, त्याचं उत्तर मिळालं. सगळीकडे सध्या ई२०चीच, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचीच, चर्चा चालू आहे. पेट्रोलियम मंत्रालयाने या आठवड्यात सविस्तर खुलासा काढला, तो पूर्ण वाचला. मला दोन गोष्टी लागल्या.

पहिली. भारतात साधं पेट्रोल पूर्वी ८८ ऑक्टेनचं होतं, बीएस-६ हे प्रदूषणाचे नियम आल्यावर ९१चं झालं, आणि २० टक्के इथेनॉल मिसळल्यावर आता ९५पर्यंत गेलं आहे. इथेनॉलचा स्वतःचा ऑक्टेन १०८च्या घरात, त्यामुळे मिश्रणाचा चढतो. म्हणजे माझ्या टाकीत जे 'साधं' पडतंय ते ९५ आहे. आणि सात रुपये जास्त देऊन घेतलं जाणारं प्रीमियमही ९५च! ऑक्टेनसाठी पैसे मोजण्याचं कारणच उरलं नाही. दोन महिने मी ९१ विरुद्ध ९५ मोजतेय असं समजत होते.

दुसरी. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी. शिवाय त्याच्यात स्वतःचा ऑक्सिजन असतो, म्हणून त्याला हवा कमी आणि इंधन जास्त लागतं. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला १४.७ भाग हवा, इथेनॉलला फक्त ९. ई२०ला साडेतेराच्या आसपास. माझा फ्युएल ट्रिमचा अधिक सहा तिथून आला. नीती आयोगाच्या २०२१च्या आराखड्यातच लिहिलंय: बिनइथेनॉलच्या पेट्रोलसाठी बनवून ई१०साठी जुळवलेल्या चारचाकीचं अ‍ॅव्हरेज ई२०वर ६ ते ७ टक्के घटेल; तशा दुचाकीचं ३ ते ४; आणि ई१०साठी बनवून ई२०साठी जुळवलेल्या चारचाकीचं १ ते २.

माझी पाच टक्के घट या हिशोबात बसते. ती गाडीच्या वयाची किंवा माझ्या पायाची नाही, हे कळून हायसं वाटलं. आणि वाईटही वाटलं, कारण ज्याची गाडी २०१७ची आहे त्याला पंपावर दुसरं काही निवडायची सोय नाही. ऊस आणि मक्याच्या शेतकऱ्याला इथेनॉलने दर मिळतो, परदेशी तेलाचा खर्च वाचतो, हे मला पटतं. आमच्या सातारा जिल्ह्यातही साखर कारखाने आहेत. पण लिटरमध्ये ऊर्जा कमी असेल तर दरात ते दिसायला हवं, असं माझं स्पष्ट मत आहे.

आज पंपावर प्रीमियमच्या नोझलवरची पाटी वाचली. तिच्यावरही ई२०च. म्हणजे प्रीमियम घेऊन इथेनॉल टळत नाही.

प्रीमियमच्या टाक्या तरीही मोजायच्या. कागदावरून ठरवायचं असतं तर वही कशाला काढली असती?

७ सप्टेंबर, रविवार

गणपती काल पुण्याहून उठले, म्हणून आज निवांत. आतेभावाचा न्यू जर्सीहून फोन. त्याला हा उद्योग सांगितला तर म्हणाला, "तुमचं साधं ९५? आमचं साधं ८७. आमचं पेट्रोल तुमच्यापेक्षा हलकं की काय?"

तसं नाही. आपल्याकडे पाटीवर जो आकडा असतो तो रॉन, म्हणजे रिसर्च पद्धतीचा. दुसरी एक कडक पद्धत आहे, मोटर पद्धत. तिच्यात इंजिन ९०० फेऱ्यांवर आणि मिश्रण जास्त तापवून फिरवतात, त्यामुळे आकडा कमी येतो. अमेरिकेत दोन्हींची सरासरी पंपावर लावतात. त्यांचं ८७ म्हणजे आपल्या मोजणीत साधारण ९१-९२. अमेरिकेतून सुट्टीवर आलेल्या माणसाशी याच आकड्यांवरून वाद होतो, म्हणून इथे लिहून ठेवलं.

त्याच्याकडे माझ्यासाठी कामाची माहिती होती. अमेरिकेतल्या 'ट्रिपल ए' या मोटारचालकांच्या संस्थेने २०१६ साली हाच प्रयोग नीट प्रयोगशाळेत केला होता. साध्यासाठी बनवलेल्या गाड्यांत प्रीमियम घातल्यावर ताकद, अ‍ॅव्हरेज, धूर यांत लक्षात येण्याजोगा फायदा दिसला नाही. त्यांच्या हिशोबाने गरज नसताना प्रीमियम भरण्यात अमेरिकी लोकांनी एका वर्षात २१० कोटी डॉलर घालवले होते. पुढच्या वर्षी त्यांनी ज्या गाड्यांना कंपनी प्रीमियमची शिफारस करते, पण सक्ती करत नाही, अशा घेतल्या; तिथे अ‍ॅव्हरेज सरासरी २.७ टक्के वाढलं. म्हणजे आच मोठी असेल तर फरक पडतो, पण जास्तीच्या दराएवढा नाही.

१३ सप्टेंबर, शनिवार. पुन्हा पसरणी

टाकीत प्रीमियम, दुसरी टाकी. तेच चौघं, तोच एसी. हवा थोडी थंड. तिसरा गिअर, दोन हजार आरपीएम: टायमिंग बारा-तेरा. चौथा, चौदाशे, पाय तळाला: खडखड, तीन-चार अंशांवर उतरलं.

नाना काही बोलले नाहीत. आकडा त्यांनीच वाचला होता.

उतरताना वाईच्या आधी म्हणाले, "गिअर लवकर टाकायची सवय लागली मला. पेट्रोल वाचतं म्हणून."

२१ सप्टेंबर, रविवार. अण्णांचं गॅरेज

प्रीमियमच्या बाजूने उरलेला एक मुद्दा नीट ऐकून घ्यायचा होता: आतली सफाई. 'प्रीमियम' या एका शब्दात दोन वेगळ्या गोष्टी येतात. एक ऑक्टेन, दुसरी साफ करणारी द्रव्यं. तेलकंपन्यांच्या काही प्रकारांत ही द्रव्यंच मुख्य असतात, काहींत ऑक्टेनही वाढवलेला. इंडियन ऑइलचं एक्सपी१०० हे १०० ऑक्टेनचं पेट्रोल डिसेंबर २०२० मध्ये आलं. ते वेगळ्याच कामाचं, लिटरला दीडशेच्या वर.

अण्णांनी इंजिनात हवा नेणारं इनटेक मॅनिफोल्ड काढलं आणि पोर्टमध्ये कॅमेरा सोडला. एक लाख सात हजार किलोमीटर, त्यातलं बहुतेक साध्यावर. व्हॉल्व्हच्या पाठीवर तपकिरी, पातळ थर. अण्णा म्हणाले, "ताई, हे काहीच नाही. अशी गाडी दोन लाख जाईल." माझ्या गाडीत इंजेक्टर पोर्टमध्ये आहे, म्हणजे पेट्रोल दर वेळी व्हॉल्व्हच्या पाठीवर पडतं आणि धुतं. द्रव्यांचा उपयोग होतो तो अशाच गाडीत. ज्या नव्या इंजिनांत पेट्रोल थेट सिलिंडरात सोडतात, तिथे व्हॉल्व्हला पेट्रोल लागतच नाही. कितीही भारी द्रव्य घाला, व्हॉल्व्हवरचा कार्बन त्याने जाणार नाही. गंमत म्हणजे अशा गाड्यांचे मालकच सफाईसाठी सगळ्यात जास्त प्रीमियम भरतात, असं अण्णांचं निरीक्षण.

मग त्यांनी स्पार्क प्लग काढले. चारपैकी दोन वेगळ्या नंबरचे निघाले. गेल्या वर्षी दुसऱ्या एका गॅरेजात बदललेले. अण्णांनी खिडकीपाशी नेऊन दोन्ही शेजारी धरले. मूळच्या प्लगचं टोक फिकट तपकिरी. चुकीच्याचं पांढरं, आणि चिनी मातीवर मिऱ्याएवढे बारीक काळे ठिपके. "हा प्लग उष्णता बाहेर जाऊ देत नाही. टोक निखाऱ्यासारखं तापतं. पेट्रोलला कशाला दोष द्यायचा?"

चारही योग्य नंबरचे बसवले. ही चूक मी स्वतःच्या नोंदीत ठेवतेय: दोन्ही वेळची घाटातली खडखड अंशतः या प्लगांची होती, आणि मी साडेतीन महिने पेट्रोलकडे बघत होते.

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा

गाड्या धुतल्या, झेंडूचे हार घातले. दादाची नवी गाडी शेजारी उभी होती: एक लिटरचं टर्बो, थेट इंजेक्शन. पेट्रोलचं झाकण उघडून आतला स्टिकर वाचला. ९५ आणि ई२०. दादा तीन महिने प्रीमियमच भरतोय, कारण शोरूममध्ये 'टर्बोला भारीच लागतं' असं ऐकलं होतं. स्टिकरची अट साधं ई२०च पूर्ण करतं. पुस्तिकेतही तेच छापलंय. नाना चष्मा लावून स्वतः वाचायला वाकले.

कुणाच्या स्टिकरवर यापेक्षा मोठा आकडा असेल तर त्याने तेच भरावं. तिथे काटकसर करू नये. ईसीयू टायमिंग मागे घेऊन इंजिन वाचवेल, पण ताकद आणि अ‍ॅव्हरेज दोन्ही जाईल, आणि भर उन्हात भरलेल्या गाडीने घाट चढताना वाचवायलाही मर्यादा असते.

दुपारी सोनं वाटायला निघालो तेव्हा पसरणीत नाही, पण यवतेश्वरच्या चढावर चौथा गिअर, चौदाशे आरपीएम करून बघितलं. टाकीत प्रीमियमच होतं. नव्या प्लगवर खडखड नाही. टायमिंग सातच्या खाली उतरलं नाही.

१२ ऑक्टोबर, रविवार

प्रीमियमच्या तीन टाक्या पूर्ण. तिसरी नव्या प्लगांवर झाली आहे, हे लक्षात ठेवून वाचायचं.

५०५ किमी, २९.६ लिटर: १७.०६
५२१ किमी, ३१.२ लिटर: १६.७०
४८९ किमी, २८.८ लिटर: १६.९८

एकूण १५१५ किमी, ८९.६ लिटर. सरासरी १६.९१.

साध्याची १६.८५. फरक लिटरमागे साठ मीटर. पहिल्या कटचा घोळच याच्या कितीतरी पट आहे, त्यामुळे हा फरक शून्य धरायचा.

प्रीमियमने स्वतःचे पैसे वसूल करायचे तर अ‍ॅव्हरेज १८च्या घरात जायला हवं होतं. वर्षाला बारा हजार किलोमीटर धरले तर सातशेच्या वर लिटर, लिटरमागे सात रुपये. पाच हजार.

संध्याकाळी वही नानांसमोर ठेवली. त्यांनी प्रत्येक भागाकार स्वतः करून बघितला. नंतर आपली १९९४ची डायरी आणली, ते पान उघडलं आणि विचारलं, "हे पण खरंच होतं ना?" होतंच. मी तसं त्यांच्या डायरीत त्या रेघेखाली लिहिलं, तारखेसह.

२६ ऑक्टोबर, रविवार

वाचणाऱ्या पाच हजारांचं काय करायचं ते ठरलं. मंत्रालयाच्या त्या खुलाशातच होतं की जुन्या गाड्यांत ई२० वीस-तीस हजार किलोमीटर वापरल्यावर काही रबरी भाग आणि गॅस्केट बदलावे लागू शकतात. माझी गाडी एप्रिल २०२३ पूर्वीची, म्हणजे तिचे सगळे भाग ई२० धरून बनवलेले नाहीत. अण्णांना फोन केला. टाकीपासून येणारे रबरी होज, इंजेक्टरचे ओ-रिंग, फ्युएल फिल्टर. इथेनॉल चालणारे मागवायला सांगितले.

पावसाळ्यात टाकी अर्धी ठेवून गाडी आठवडाभर उभी करायची नाही, हेही ठरवलं. इथेनॉल पाणी ओढून घेतं. पाणी प्रमाणाबाहेर गेलं की इथेनॉल आणि पाणी मिळून टाकीच्या तळाला वेगळं बसतं, आणि टाकीतला पंप तळातूनच खेचतो.

९ नोव्हेंबर, रविवार. अण्णांचं गॅरेज

सगळं बदललं. जुना होज अण्णांनी हातात दिला. बाहेरून धड दिसत होता. टोकाकडून चिरून उघडला तर आतली कड फुगलेली, आणि अंगठ्याने दाबल्यावर नखाची खूण तशीच राहिली. नव्यावर राहत नाही. नानांनी दोन्ही दाबून बघितले, जुना कागदात गुंडाळून डिकीत ठेवला. दादाच्या सासऱ्यांना दाखवायचाय म्हणाले, त्यांची २०१४ची गाडी आहे.

परत येताना पंपावर थांबलो. नाना खाली उतरले, नोझलपाशी उभे राहिले आणि पोराला म्हणाले, "साधं. आणि पहिल्या कटला थांब."